घाट चढल्यावरचा एक मिनिट

जळक्या ऑइलचा वास आला की मला विश्रांतवाडीतलं ते गॅरेज आठवतं. माझ्या जीपचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, दुसऱ्यांदा गेला होता आणि 'एवढ्याशा इंजिनाला टर्बो लावून कुठे घाट चढतात का?' असं मी तावातावाने बोलत होतो. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. 'शिव्या संपल्या असतील तर इकडे बघा,' म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्रावर दोन टर्बो ठेवले. एक माझा, आतून कोळसा झालेला. दुसरा तेवढ्याच इंजिनाच्या एका पिकअपचा. रोज लोखंडी पत्रे लादून दिवे घाट चढणारा, माझ्या जीपच्या चौपट पळालेला. त्याचा लिंबाएवढा पंखा मी बोटाने हलवला, तर तो जराही न खरखरता गर्रकन फिरला. 'किल्ली बंद केली की इंजिन थांबतं, हा लगेच नाही थांबत,' मिस्त्री म्हणाले. 'तापून लाल झालेला असतो, भणाणत असतो, आणि त्याला थंड ठेवणारं तेल मात्र तुम्ही इंजिनाबरोबर तोडलेलं असतं.' पिकअपचा ड्रायव्हर बाजूलाच चहा पीत होता. 'घाट चढलो की मी मिनिटभर इंजिन चालूच ठिवतो,' तो म्हणाला. 'आपन बी दम खातोच की.' आणि मी घाटमाथ्यावर पोचताक्षणी किल्ली काढून फोटोसाठी उडी मारायचो! माझा कोळसा झालेला टर्बो मी ओंजळीत उचलून घेतला. आता कर्वेनगरच्या पार्किंगमध्ये जीप उभी करून मी मिनिटभर इंजिन चालू ठेवून आत बसून राहतो, तेव्हा शेजारी विचारतात, 'कोणाची वाट बघताय?' मी म्हणतो, 'थांबा, आत अजून एकजण पळतोय.'