गीताबाईंच्या यादीवरच्या लाल रेघा

एका लाल पेनानं मी एका मुलीचा अख्खा संसार बुडवला. तोही कथेला धार यावी म्हणून.

पालमच्या वाचनालयात मी दर रविवारी कथा लिहायला शिकवतो. त्या रविवारी विषय होता, कथेत यादी कशी वापरावी. "पात्र रडलं असं लिहू नका, त्याच्या पेटीत काय काय होतं ते लिहा. आणि यादी अस्सल आणा, मनानं रचू नका," असं मी ठणकावून सांगितलं. पुढच्या रविवारी गीताबाईंनी यादी आणली. अस्सलच.

गीताबाई ब्लाउज शिवतात. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. त्यामुळं बोलणं कमी आणि टोचणारं. त्यांची लेक भक्ती राणीसावरगावला दिलेली. सासरी कडबा कापायच्या मशीनमध्ये तिची तीन बोटं गेली. भाकरी थापता येईना, म्हणून महिन्याभरात सासऱ्यानं, भुजंगरावांनी, तिला माहेरच्या दारात आणून सोडलं. सामान मात्र तिकडंच ठेवून घेतलं.

बाईंनी आणली ती यादी लग्नात सामान देताना केलेली, दोन्हीकडच्या सह्यांची. बंब एक. शिलाई मशीन एक. पराती दोन, एकीचा काठ विहीणबाईंनी आपटून बघितल्यामुळं दबलेला. घागरी, ताटं, कपाट, गाद्या, असे चाळीसेक नग. आणि सगळ्यात खाली बाईंनी आता स्वतः पेन्सिलीनं लिहिलेलं: मुलगी एक, दहा बोटांची.

माझ्या अंगावर काटा आला. पण लगेच माझ्यातला संपादक जागा झाला. यादी लांबली की कथा ढिली पडते! मी बंब, मशीन आणि मुलगी ठेवली, बाकी सगळ्यावर लाल रेघा ओढल्या आणि वर 'छान!' असा शेरा मारला.

बाई कागदाकडं बघत राहिल्या. "सर, ही एकच यादी हाय हो माझ्यापाशी."

सामान परत मागायची बैठक राणीसावरगावला बसली. मीही गेलो, जाणं भागच होतं. भुजंगरावांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काटलेलं म्हंजी पावलेलं. सामान तर तुमी कवाच नेलं की!"

"त्या रेघा माझ्या आहेत," मी पुढं झालो. "मी कथा लिहायला शिकवतो. जरा पाल्हाळ वाटला, म्हणून..."

"काय वाटला?"

"पाल्हाळ."

बैठक खो-खो हसली. निवाड्याला बसलेले दत्तरावसुद्धा.

"मग ऱ्हायलं काय?" भुजंगराव बोट फिरवत वाचू लागले. "बंब घ्या, मशीन घ्या. आन मुलगी एक, दहा बोटांची. ती तर आमी घरपोच केली. तीन कमी हायत, तेवढं सांभाळून घ्या."

पुन्हा हशा. भक्तीनं उजवा हात पदराखाली घेतला. गीताबाईंनी पदराची टाचणी काढून तोंडात धरली. दत्तरावांनी निवाडा दिला: बंब मिळेल, आणि तीन बोटं गेलेल्या लेकीला शिलाई मशीन.

परत येताना टेम्पोत आम्ही तिघं बंबाला टेकून बसलो होतो. गंगाखेड मागं पडलं. गप्प बसणं मला जमत नाही, हा माझा जुना रोग.

"गीताबाई, कथा मात्र आता फार जबरदस्त झाली हो," मी म्हणालो. जीभ चावली, तरी पुढचं निघालंच, "छापू ना?"

"छापा की सर, खाली नाव मात्र तुमचं टाका."