मिरचीच्या डब्यातली कॅसेट

माय गेली तो सोमवार होता. सकाळी तिने भाकरी केल्या. नऊ वाजता ती ओट्यावर बसली. साडेनऊला वहिनीने हाक मारली तेव्हा तिने ओ दिली नाही. भावाने गावाहून, कोरीटहून, मला नंदुरबारला फोन केला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. समोर उभ्या असलेल्या मुलीच्या पुस्तकावर शिक्का मारला आणि मग निघाले.

चौथ्या महिन्यात मला तिचा आवाज आठवेना. शब्द सगळे आठवत होते. ती कशावर काय म्हणायची हे मी आजही सांगू शकते. पण मनात ते वाक्य म्हणून बघितलं की ते माझ्याच आवाजात ऐकू यायचं. दोनचार दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. मग भावाला फोन केला आणि विचारलं, तुझ्या फोनमध्ये मायचा एखादा व्हिडिओ आहे का.

फोटो साठ-सत्तर निघाले. व्हिडिओ तीन होते आणि तिन्हींत माय गप्प होती. फोन समोर धरला की ती पदर तोंडाला लावायची. "त्याच्यामा आवाज जास," आपला आवाज फोनमध्ये निघून जातो, असं म्हणायची आणि उठून आत जायची. आम्ही हसायचो. चोरून रेकॉर्ड करावं असं दोघांपैकी कोणाला कधी सुचलं नाही.

भाऊच म्हणाला, "कॅसेटा व्हत्यात ना. मन्हा लगननी, आन कानबाईनी."

भावाचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या भावकीची कानबाई आमच्या घरी बसली होती. श्रावणातल्या रविवारी ही आमची खानदेशी देवी घरात बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. लग्नाचं शूटिंग करणारा तळोद्याचा फोटोग्राफर तेव्हा ओळखीचा झाला होता. नवी सून घरात आहे म्हणून त्या सकाळीही तो कॅमेरा घेऊन आला. त्या कॅमेऱ्यासमोर मायने पदर तोंडाला लावला नव्हता. तो फक्त चित्र काढतो अशी तिची समजूत होती. लग्नाची कॅसेट बघितल्यावर ती आणखी पक्की झाली, कारण त्या कॅसेटवर, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी होती. माणसांचे ओठ हलतात आणि गाणं चालू आहे. कानबाईच्या कॅसेटवर गाणी टाकायची राहून गेली होती आणि ती घरात कधी लावलीही गेली नव्हती. म्हणजे मायचा आवाज जगात कुठे असलाच तर तो त्या एका कॅसेटवर होता.

घरी टीव्हीखालच्या कपाटात कॅसेटी नव्हत्या. भावाने सगळं घर पालथं घातलं. चौथ्या दिवशी वहिनीला त्या मागच्या खोलीत सापडल्या, वर्षाची लाल मिरची भरून ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी. एका कापडी पिशवीत दोन्ही. मायचं म्हणणं असे की मिरचीच्या डब्यात कीड जात नाही. जपायची प्रत्येक वस्तू ती तिथे ठेवायची. आमचे शाळेचे दाखलेसुद्धा एकेकाळी तिथेच होते. दर वर्षी जुनी मिरची उपसून नवी भरताना पिशवी बाहेर निघत असणार आणि पुन्हा तळाशी जात असणार. इतकी वर्षं तिने त्या जपल्या होत्या.

मी त्या घेऊन तळोद्याला गेले. फोटोग्राफर आता सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांचं घराणं मूळ राजस्थानचं. दुकान मुलाकडे गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. मागे एका स्टुलावर ते बसले होते. त्यांनी बारक्या पेचकसाने कानबाईच्या कॅसेटचे पाच स्क्रू काढले, झाकण उचललं आणि तीनदा शिंकले.

"अरे बाप रे! बेन, आईने कॅसेट जपली का फोडणी दिली?"

"मिरचीच्या डब्यात होती, काका."

"ते नाकाला कळलं."

मग ते हसायचे थांबले. रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी धरली होती. तिच्यावर लाल पूड बसली होती आणि पट्टीच्या वेटोळ्यांत मिरचीच्या दोन बिया अडकल्या होत्या. त्यांनी त्या चिमट्याने काढल्या. मऊ ब्रश, स्पिरिट, कापूस असं करत त्यांनी तासभर घातला.

"ही कॅसेट मला आठवते," ते मध्येच म्हणाले. "तुमच्या आईने मला दोनदा ओरडून बाजूला केलं होतं. आवाज असणार हिच्यावर."

मी विचारलं, किती वेळा चालेल. त्यांनी झाकण बसवलं, स्क्रू पिळले, आणि मग उत्तर दिलं.

"एकदा चालेल. पुढचं सांगत नाही. पुढे-मागे पळवायची नाही, थांबवायची नाही. लावायची ती थेट शेवटपर्यंत. टीव्हीपण जोडा, म्हणजे मशीन पट्टी खायला लागलं तर लगेच दिसेल. आणि आवाज नीट येतोय ना, ते आधी बघून घ्या."

त्यांनी स्वतःचा जुना व्हीसीआर मला दिला. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून.

भावाचं म्हणणं वेगळं होतं, कॅसेट सुरतेच्या दुकानात द्यावी. "सुरतले दी टाकू ना. तठे मोठ्या मशीनी शेतस. तू काबर जीव घाली ऱ्हायनी?"

"आन वाटमा हरवाई गयी तं?"

"बरं बाई. तूच कर. तू शिकेल शे."

तो चिडून बोलला नव्हता. मी मात्र ते मनाला लावून घेतलं. कॅसेट हातातून सोडायची माझी हिंमत नव्हती, हे खरं कारण. कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेण्यासाठी मी व्हीसीआर आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायची छोटी डबी मागवली. तिच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका दोनदा वाचली आणि पेन्सिलीने खुणा केल्या. पिवळी तार चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. एका रविवारी लग्नाची कॅसेट लावून बघितली. तिचं काही झालं तरी चालणार होतं. ती सरळ चालली, फाइल तयार झाली, फाइल उघडली तर चित्र होतं आणि गाणीही होती. गाणी जरा लांबून आल्यासारखी वाटली. कॅसेट जुनी आहे, असं मी समजले. माय त्या फाइलमध्ये नऊ वेळा दिसते. एकदा ती कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी लांबलचक सांगते आणि वर एक प्रेमगीत चालू आहे. मी तो भाग पुन्हा पुन्हा लावून तिचे ओठ वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

पुढच्या रविवारी भाऊ सकाळीच आला. मी फ्रिज बंद केला, कारण तो चालू होताना दिवे क्षणभर मंद होतात. व्हीसीआर इन्व्हर्टरवर होता. भाऊ टीव्हीसमोर खुर्चीत बसला, मी लॅपटॉपजवळ. कॅसेट आत सरकवली. यंत्राने ती ओढून घेतली आणि आत खट्ट झालं.

"बटन दाबू?" मी विचारलं.

"दाब. देव शे."

पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा धावल्या. मग करड्या रंगात आमचं अंगण आलं, हललं, स्थिर झालं. बायका कानबाईसमोर बसल्या होत्या. कानबाईला नथ होती, हार होते. कोपऱ्यातून माय आली. हातात आरतीचं ताट. तेव्हा ती माझ्या आजच्या वयापेक्षा लहान होती. ती थेट कॅमेऱ्याजवळ आली आणि म्हणाली, "ओ भाऊ, तू जरा बाजूले सरक. आरती काय तुन्हा डोकावर ठेवू का?"

भाऊ मोठ्याने हसला. हसता हसता रडायला लागला. "देख," तो म्हणाला, "देख मन्ही माय." मी हो हो म्हणत होते. माझी एक नजर टीव्हीवर होती आणि एक व्हीसीआरवर. यंत्र तापलं तशी खोलीत मिरचीचा तिखट वास पसरायला लागला. भाऊ शिंकायला लागला. मी शिंकले. मायने नव्या सुनेला सांगितलं, "पोरी, डोकावर पदर ले. कानबाई देखी ऱ्हायनी." मग इकडेतिकडे बघून विचारलं, "आन ती कोठे गयी, पुस्तकवाली? रोट काय पुस्तकमा भाजाई जातीन का?"

पुस्तकवाली म्हणजे मी. त्या सकाळी कानबाईच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, भाजायचे सोडून मी माडीवर वाचत बसले होते. हे वाक्य ती बोलली होती हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

मग तिने गाणं उचललं. एक ओळ ती म्हणायची, मागून बायका. तिचा आवाज थोडा फाटका होता आणि वरच्या सुरावर ती मान डावीकडे टाकायची. मला तो ऐकताक्षणी ओळखू आला. ओळखू येईल की नाही, याची मला आदल्या रात्रीपासून भीती होती.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यात सूर खाली घसरला. चित्र वर-खाली फिरलं. व्हीसीआरमधून चिरकल्यासारखा आवाज आला.

"बंद कर! बंद कर!" भाऊ खुर्ची सारून उठला. मी बटण दाबलं. कॅसेट बाहेर आली, तिच्यामागे पट्टी लोंबत आली, चुरगळलेली, आणि ओढताना तुटली.

आम्ही दोघं खाली बसलो. मग भाऊ म्हणाला, "जाऊ दे. उतरी गयं ना सगळं?"

लॅपटॉपवर फाइल होती. तेवीस मिनिटं. मी ती उघडली.

पहिला आवाज पंख्याचा होता. मग माझा. "बटन दाबू?" मग भावाचा. "दाब. देव शे."

मला समजायला दोन क्षण लागले. चित्र तारेतून आलं होतं. आवाज लॅपटॉपने स्वतःच्या माईकमधून घेतला होता. टीव्हीतून खोलीत जे येत होतं ते, आणि त्याच्याबरोबर खोलीतलं सगळं. प्रोग्रॅममध्ये एका ओळीत विचारलेलं असतं, आवाज कुठून घ्यायचा. तिथे माईक आधीच निवडलेला होता. पुस्तिकेत त्या ओळीचा उल्लेख नव्हता आणि मी पुस्तिकेबाहेर बघितलं नव्हतं. लग्नाच्या फाइलमध्ये एका गाण्याच्या मध्ये कुकरची शिट्टी ऐकू येते. ती मला मांडवातली वाटली होती. त्या कॅसेटवर गाण्यांशिवाय काही असूच शकत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत होते.

भाऊ पडद्याकडे बघत होता. माय कॅमेऱ्याला बाजूला हो म्हणाली आणि तिच्यावर त्याचंच हसू आलं. त्याने ते तिथेच थांबवायला लावलं.

"इतली शिकनी तू," तो म्हणाला. "इतला पुस्तकं वाचात. आन आवाजनी वायर देखता नही उनी?"

वायर बरोबर लावली होती, असं मी म्हणाले नाही. त्याने चप्पल घातली आणि तो जेवायला न थांबता कोरीटला गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कॅसेट आणि व्हीसीआर घेऊन तळोद्याला गेले. काकांनी पट्टी बोटांवर घेतली आणि दाराशी उजेडात धरली. तपकिरी पट्टीवर मध्येमध्ये काचेसारखे ठिपके होते. त्यांतून पलीकडचा रस्ता दिसत होता.

"लेप निघाला, बेन. सांधून देईन मी, पण आता हिच्यावर काही नाही. गेलं ते मशीनच्या हेडला चिकटून."

"सुरतेला चाललं असतं का, काका? तिकडच्या मशीनवर?"

"एकदा चालली असती," ते म्हणाले. "तुमच्याकडेही एकदा चालली."

व्हीसीआर त्यांनी ठेवून घेतला. कॅसेट मी परत मागितली नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या फाइलवर बसत होते. आवाज स्वच्छ करायचे प्रोग्रॅम असतात. पंखा काढला की मायच्या आवाजातला फाटकेपणा जातो आणि ती कोणी दुसरी बाई वाटते. शिंक काढली की तिच्याखालचा शब्द जातो. "रोट काय पुस्तकमा" इथपर्यंत स्पष्ट आहे. पुढचे तीन शब्द भावाच्या शिंकेखाली गेले. ते मी तेव्हा ऐकले होते म्हणून इथे लिहू शकले.

भावाशी या काळात बोलणं नव्हतं. मग एका दुपारी त्याचा शेतातून फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"ती फाइल धाड."

"साफ व्हयनी नही अजून."

"साफ नको करू. जशी शे तशी धाड."

मी पाठवली. तासाभराने पुन्हा फोन आला.

"मी भलता बोलस त्याच्यामा," तो म्हणाला.

"हो."

"मायले बोलूच देत नही."

"ती असतानाबी तू तेच करे."

पलीकडे तो हसला की नाही, मला कळलं नाही. पण त्याने फोन लगेच ठेवला नाही. पाण्याची मोटार चालू होती, पाणी पडत होतं, आणि मीही फोन ठेवला नाही.

फाइल तेवीस मिनिटांची आहे. एक प्रत माझ्या लॅपटॉपमध्ये आहे, एक पेनड्राइव्हवर आणि एक भावाच्या फोनमध्ये. माय तिच्यात एकतीस वाक्यं बोलते आणि अडीच गाणी म्हणते. अकरा वाक्यं पूर्ण ऐकू येतात. बाकीच्यांवर आम्ही आहोत.