गाडी टेम्पोत चढायची नाही!

पेडल मारत कुठे जाऊन आलं की लोक विचारतात, "किती किलोमीटर झाले?" किलोमीटर कोण लक्षात ठेवतो! आमची गाडी दिसली की रस्त्यातला प्रत्येक माणूस हात करतो, थांबवतो, काहीतरी भन्नाट विचारतो, आणि आम्ही ते डोक्यात भरून पुढे निघतो. असं साठत साठत माझ्या डोक्याचं पार गोडाउन झालंय. शहाद्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी हे किस्से काढून बसतो. गिऱ्हाईक असलं तरी बसतो, म्हणून गिऱ्हाईक नसतं!

आधी गाडी समजून घ्या. तिचं नाव वेलोमोबाइल. तीन चाकांची सायकल, पण बसायचं आरामखुर्चीत रेलल्यासारखं, पाय पुढे. भोवती सगळीकडून कवच, वर झाकण. झाकण लावलं की आत कोण आहे ते बाहेरून कळत नाही. इंजिन नाही, बॅटरी नाही. इंजिन म्हणजे आपण, तेही सेकंडहँड!

अशा गाड्या आमच्यात तीन. एक माझी. दुसरी रेवसिंगसरांची. सर धडगावकडचे पावरा, शाळेत गणित शिकवतात. तिसरी पिवळीधमक, ती सुभाषनानांची. नाना तापीकाठचे केळीवाले. तिन्ही बनवल्या वेल्डिंगवाल्या इकबालभाईने, मोबाइलवर परदेशी व्हिडिओ बघून. कोणी नावं ठेवली की तो म्हणतो, "डिझाइन तिकडची, पत्रा इकडचा, आणि चालवणारे कुठलेच नाहीत!"

*

थंडीच्या दिवसांत तोरणमाळला अशा घरगुती पेडलगाड्यांच्या शौकिनांचा मेळावा भरणार होता. गुजरातेतून, मध्य प्रदेशातून मंडळी येणार होती. आम्ही ठरवलं, पेडल मारतच जायचं. रस्त्यात सातपायरीचा घाट आहे हे ठरवताना कोणी बोललं नाही.

ते बोलल्या शोभावहिनी, म्हणजे नानांच्या मिसेस. त्या गाडीवर त्यांचा पहिल्यापासून दात. ओटा अडवते, आणि येणारी-जाणारी बाई हसते. त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर अट घातली, ढकलायची नाही आणि टेम्पोत चढवायची नाही.

"तोरणमाळ लगून पाय मारीसन गयी तं ठेवा. कोठे लोटनी, नहीतं टेम्पोमां चढनी, तं मंग मी तिन्हामां कोंबड्या कोंडसू!"

आणि लक्ष ठेवायला त्या स्वतः सोबत निघाल्या. सामानाच्या टेम्पोत, इकबालभाईच्या शेजारी, मांडीवर डबा घेऊन.

आम्ही हसलो, पण नाना हसले नाहीत. घर, बाग, पोरांची शिक्षणं, लग्नं, सगळं करून झाल्यावर या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून घेतलेली ही पहिली वस्तू. रोज संध्याकाळी तिला ओल्या फडक्याने पुसायचे. ती खुराडं झाली असती तर मला खरंच वाईट वाटलं असतं.

*

शहाद्यातून बाहेर पडतो न पडतो तोच एका हवालदारसाहेबांनी नानांना अडवलं.

"लायसन?"

"सायकल शे साहेब," आतून आवाज आला.

"सायकलला दरवाजा असतो का? उतरा खाली!"

नाना उतरेनात. साहेबांनी झाकणावर काठी आपटली. मागे उसाचे ट्रॅक्टर थांबले, बघ्यांची गर्दी झाली. आता आत काहीतरी भलतंच सापडणार, असं सगळ्यांना वाटायला लागलं.

झालं होतं असं, की कवचाच्या आत थंडीतही भट्टी पेटते. म्हणून नाना शर्ट-पँट घडी करून सीटमागे ठेवतात आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर गाडी मारतात. बाहेरून कुठे कळतंय!

शेवटी झाकण चार बोटं वर झालं.

"साहेब, लायसन तं नही शे. पण पँटबी नही शे. उतरू का?"

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दीत बाया होत्या. मग साहेबांनी स्वतःच ट्रॅक्टर बाजूला घेतले आणि आम्हाला शिट्टी मारून रस्ता करून दिला!

*

म्हसावदला चहाला थांबलो. आपल्याकडे विमान जरी उतरलं तरी लोक पहिल्यांदा एकच विचारतात, "किती देस?" म्हणजे अॅव्हरेज.

एका पागोटेवाल्या बाबांनी सरांना तेच विचारलं. गणिताचा मास्तर तो, गंभीर चेहऱ्याने हिशोब मांडला. "बाबा, एक भाकरीमां शहादा ते म्हसावद. दोन भाकरीमां राणीपूर."

"आन वरतून ठेचा खाधा तं?"

"मंग पिकअप वाढस."

बाबांनी मान डोलावली. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून पाहिलं आणि तितक्याच गंभीरपणे विचारलं, "आन वांगानं भरीत खाधं तं सायलेन्सर कोठे शे?"

सरांच्या नाकातून चहा आला. वहिनी टेम्पोत तोंडाला पदर लावून हसत होत्या. प्रवासात त्या पहिल्यांदा हसल्या, म्हणून मी दोन चहा जास्तीचे पाजले.

*

या गाड्या ठेंगण्या. ट्रकवाल्याला दिसाव्यात म्हणून मागे लांब काठी आणि काठीला फडकं असतं. पुढच्या गावात त्यावरून घोळ झाला. पोरंटोरं, म्हातारे, सगळे धावत आले. "कोना प्रचार शे? चिन्ह काय शे?"

नाना पिवळ्या गाडीतून ओरडले, "केळं!"

एक जण लगेच म्हणाला, "मंग आमनं मत पक्कं. पण आगोदर रस्ता करा!" आणि नानांना उतरवून (पँट घालायला वेळ दिला, हे त्यांचे उपकार) गावातला खड्डा दाखवायला घेऊन गेला. नानांनी खड्डा नीट पाहिला. आश्वासनही दिलं!

तेवढ्यात माझ्या गाडीमागे एक बकरी उभी राहून शांतपणे माझं फडकं खात होती. मी पोहोचेपर्यंत उरली नुसती काठी.

इकबालभाई म्हणाला, "चांगलं झालं. आता तुम्ही अपक्ष!"

*

राणीपूरला मुक्काम केला आणि सकाळी डोंगराला लागलो. एका वळणावर मोळी घेतलेली आजी उभी होती. सरांची गाडी तिच्यासमोरून मुंगीच्या चालीने गेली. आत रेललेले सर, झाकण उघडं, पाय गोल गोल फिरतायत. आजी पावरी बोलीत काहीतरी म्हणाली आणि खदाखदा हसली.

आम्ही विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. कुठे चालले, असं विचारत होती."

पण सरांचे कान लाल झाले होते. मग आम्ही कशाला सोडतोय! पुढच्या दोन वळणांवर पिच्छा पुरवल्यावर सर बोलले.

"म्हणाली, मिशा आल्या, टक्कल पडलं, तरी याला पाळण्यातून कोणी काढलं नाही!"

*

आता घाट. त्याचं वर्णन करत नाही, नुसतं आठवलं तरी माझ्या पोटऱ्या दुखतात. वळण संपलं की पुढचं वळण वरून वाकून बघायचं. मी आणि सर मनमुराद उतरून ढकलत होतो, आम्हाला कुठे अट होती! नाना मात्र आतच. पाय मारायचे, थांबायचे, आम्ही चाकाला दगड लावायचा, पुन्हा मारायचे.

आणि त्यांनी घाट काढला! पठार लागलं, तोरणमाळ आता समोरच. तिथे नानांच्या दोन्ही मांड्यांत गोळे आले. आम्ही बखोटीला धरून बाहेर काढलं, रस्त्याच्या कडेला झोपवलं, तेल चोळलं, कशीबशी पँट चढवली. पाय वाकेच ना. पुढे अजून चढ-उतार होते आणि उन्हं कलायला लागली होती.

मग नाना आकाशाकडे बघतच म्हणाले, "इकबाल, फाळका उघड."

इकबालभाईने टेम्पोचा फाळका उघडला. त्याला ते अजिबात आवडलं नव्हतं, आवाजावरून कळलं. मला नानांच्या तोंडाकडे पाहवेना.

वहिनी टेम्पोतून उतरल्या. पिवळ्या गाडीभोवती एकदा फिरल्या, आत डोकावल्या. मग पदर खोचला.

"शाल द्या ती." शालीची गुंडाळी पाठीमागे ठेवली, कारण पाय पुरत नव्हते. "हाऊ बिरेक ना? आन हाऊ गेर?"

"भाभी, यह नीचे मतलब हलका," इकबालभाई चाचरत म्हणाला.

"बरं. ह्यास्ले टाका टेम्पोमां."

झाकण लागलं. गाडी थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे गेली, मग सरळ झाली. आम्हाला वाटलं, चार हातांवर थांबेल. ती पुढचा चढ चढून दिसेनाशी झाली!

आम्ही नानांना उचलून सामानावर ठेवलं. ते म्हणाले, "लगीन आगोदर सायकल चालाडे ती. मी भुली गयथू."

मी आणि सर जीव खाऊन मागे लागलो, टेम्पो नेहमीसारखा आमच्या मागून, पण गाठ पडली ती थेट मेळाव्याच्या मांडवात. तिथे माइकवाला रंगात आला होता. "आणि ही पाहा पिवळी गाडी! टाळ्या! घाट चढून आलेले शहाद्याचे सुभाषनाना!"

एक जण हार घेऊन पुढे धावला. झाकण उघडलं आणि आतून वहिनींचं डोकं वर आलं. घामाने कुंकू पसरलेलं. हारवाला जागीच थबकला, मग त्याने हार घातला. टाळ्या अशा पडल्या की टेम्पोचा आवाजही कळला नाही.

इकबालभाईने नानांना खांद्याला धरून आणलं. ते लंगडत गाडीपाशी आले आणि अपराध्यासारखं विचारलं, "मंग... आते कोंबड्या?"

"कसान्या कोंबड्या? गाडी कोठे चढनी टेम्पोमां? चढनात ते तुम्ही!"

मांडव हसला. नानाही हसले, डोळे पुसत हसले. माइकवाल्याने माइक वहिनींच्या तोंडापुढे धरला. "ताई, आत बसून कसं वाटलं?"

वहिनींनी पदर सावरला. एवढ्या लोकांत बोलायची सवय नव्हती.

"झाकन लावं ना, तं कोनी हाक मारत नही."

लोक पुन्हा हसले. मीही हसलो.

"बरं, उतर आते," नाना म्हणाले. "च्या पिवाले बलाई ऱ्हायनात."

वहिनींनी गळ्यातला हार काढून नानांच्या हातात दिला, मागची शाल सारखी केली आणि झाकण ओढून घेतलं.

नानांनी झाकणावर टकटक केलं. "शोभा!" मग जरा मोठ्याने, "ओ शोभा!"

पिवळी गाडी सावकाश तलावाच्या रस्त्याला लागली.