बाहेरचा घोडा

आमची मेंढरं आहेत. साखऱ्याच्या बाजूला थोडी कोरडवाहू जमीनही आहे, पण तिच्यावर वर्ष निघत नाही. म्हणून संक्रांत झाली की आम्ही मेंढरं घेऊन खाली, हट्ट्याकडं, कालव्याच्या अंगाला उतरतो. तिकडं ऊस, केळी, हळद. रिकाम्या वावरात मेंढरं बसवायची, खत वावरवाल्याला, चारा आमच्या जनावरांना. लेकरं शाळेसाठी माझ्या माहेरी राहतात. वाटेनं नवरा मेंढरांमागं, सासरे पुढं, आणि मी घोडीचा दोर धरून मधे. घोडीच्या पाठीवर पाल, भांडी, पिठाचं पोतं आणि चालायला न येणारी कोकरं.

घोडी पांढरी होती, बुटकी, रुंद पाठीची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शिंगरूच होती. सासरच्या घरात पहिले काही महिने मला कुणाशी बोलायचं सुचत नव्हतं, तेव्हा मी तिच्याशी बोलत असे. त्यामुळं असेल, तिला माझ्या हाताची सवय झाली. नवऱ्याला ती कान मागं पाडून दाखवायची. सासऱ्यांचं ऐकायची, पण मन लावून नाही.

सासऱ्यांच्या आईनं कुठल्याशा बाजारातून एक घोडी आणली होती, तिच्या पोटची ही तिसरी पिढी. सासरे म्हणायचे, "माझी माय गेली, पण तिची घोडी घरात हाय." घोडीचं वय होत चाललं, तसा त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. तिच्यामागं तिचीच एक मादी त्यांना हवी होती.

पूर्वी ह्याचा विचारही करावा लागत नसे. चार-पाच घरांची मेंढरं एकत्र उतरत, त्यांत कुणाचा तरी घोडा असे, आणि घोडी आपोआप गाभण राही. आता बहुतेकांनी बिऱ्हाड न्यायला छोटा टेंपो केला. घोडे विकले गेले. जे उरले ते खच्ची केलेले, नाहीतर आमच्याच घोडीचे भाऊबंद. घोडा बाहेरचाच बघायला हवा होता.

त्या साली हट्ट्याजवळ आम्ही ज्यांच्या वावरात उतरलो होतो, त्यांच्या शेजारच्या बागायतदाराकडं एक घोडा होता. काळाभोर, उंच, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली. लग्नाच्या मिरवणुकीत, जत्रेत नाचवायला त्यानं तो पाळला होता. सासरे रोज त्याच्या कुंपणाशी जाऊन उभे राहायचे. मी एकदा म्हणाले, "मामा, लई मोठा हाय तो. आपली घोडी त्याच्या पोटाखालून जाईल."

"घोडा मोठा असला तर काय बिघडतं? शिंगरू मायीच्या पोटापरमानंच वाढतं," ते म्हणाले. ते बरोबरच म्हणत होते, हे मला पुढं जनावरांच्या डॉक्टरांनीही सांगितलं. पण त्या वेळी मला भीती वाटली ती वाटलीच.

बागायतदार माणूस चांगला होता. आमच्यासारख्या पालातल्या माणसाला त्यानं खुर्ची दिली, चहा दिला. पण म्हणाला, "आधी घोडीचं रक्त तपासून आणा. घोड्यांत एक वाईट रोग येऊन राहिला. माणसालाबी लागतो म्हणत्यात. माझ्या जनावराला काही झालं तर?"

सासऱ्यांना ते लागलं. "आमच्या घोडीला रोग?" असं ते पालात येऊन दिवसभर पुटपुटत राहिले. तरी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रक्त काढलं आणि सांगितलं की तपासणी इथं होत नाही, लांब पाठवावं लागतं. इकडं घोडी माजावर होती. शेपूट वर करायची, कुंपणाच्या दिशेनं तोंड करून खिंकाळायची, घोडा पलीकडून उत्तर द्यायचा. आम्ही नुसतं बघत राहिलो. रक्ताचा निकाल चांगला आला, तोवर घोडी शांत होऊन चरायला लागली होती.

ती पुन्हा माजावर आली तेव्हा वैशाखाचं ऊन होतं. सकाळी लवकर सासरे आणि नवरा तिला घेऊन गेले. मी दोर धरून निघाले तर सासरे म्हणाले, "तू कुठं येऊन राहिली? बायामाणसाचं काम न्हाई ते." मला स्वतःलाही लाज वाटत होती. मी मागं थांबले आणि पालासमोर भाकरी थापायला बसले.

पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं. घोडा आला तो तोंडाला फेस आणूनच. दोघांना आधी कुंपणाआडून एकमेकांचा वास घेऊ द्यायचा असतो, तेवढा दम त्यानं धरला नाही. घोडी बावरली. नवऱ्यानं दोर ओढला, तशी ती फिरली आणि तिनं दोन्ही मागचे पाय एकदम झाडले. घोडा वाचला. सासरे तिला थोपटायला बाजूला सरकले होते, लाथ त्यांच्या मांडीवर बसली. नवरा म्हणाला, वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला.

त्यांना खाटेवर घालून आणलं तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मी रडायला लागले तर म्हणाले, "काहून रडून राहिली माय? घोडीला कुठं लागलं का बघ आधी."

नांदेडला नेलं. मांडीत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण आता मेंढरांमागं चालणं विसरा. गावातच दिलेली माझी नणंद येऊन त्यांना घेऊन गेली आणि पालात आम्ही दोघंच उरलो. नवरा घोडीकडं बघेना. तिला पाणीही मीच दाखवायची. एके दिवशी तो म्हणाला, "विकून टाकू हिला. बापाला अधू केलं हिनं."

पण सासऱ्यांचा फोन आला तो वेगळाच. ते इतकं मोठ्यानं बोलत होते की मलाही ऐकू येत होतं. इकडची तिकडची चौकशी नाही. "माजावर आली का ती? आली की परत दाखवा. अन् ह्या बारीला तुझ्या बायकोला धरू दे. दुसऱ्या कुणाला ती उभी राहणार न्हाई."

नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेला.

म्हणून त्या दिवशी मी गेले. बागायतदारानं कुंपणापाशी एक आडवं लाकूड बांधून घेतलं होतं. घोड्याला आधी त्याच्या पलीकडं बराच वेळ उभं केलं. मग घोडीच्या मागच्या पायांना दोर बांधून तो छातीवरून पुढं घेतला, म्हणजे तिला लाथ मारता येऊ नये. वरच्या ओठाला सुतळीचा फास घालून काठीनं पिळला. त्यानं जनावर जागचं हलत नाही. बागायतदार म्हणाला, "ताई, तुमी नुसतं तोंडाशी उभ्या राहा. बोलत राहा तिच्याशी. भिऊ नका."

मी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि तिच्या तोंडाशी उभी राहिले. काय बोलले ते आठवत नाही. लेकरांना निजवताना बोलते तसंच काहीतरी असेल. घोडा चढला तेव्हा तिचे पुढचे गुडघे वाकले, तिचं कपाळ माझ्या छातीवर आदळलं, आणि ती तशीच टेकून राहिली. अंग थरथरत होतं. तिचा एक डोळा माझ्या अगदी जवळ होता. त्यात मी दिसत होते. ती दुसऱ्या कुणासाठी उभी राहिली नसती हे मला कळत होतं, आणि त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मी मात्र त्या डोळ्यावरून नजर काढून घेतली.

फास काढल्यावर तिच्या ओठावर वळ उठला होता. मी त्यावर तेल लावलं. तिनं तोंड बाजूला केलं नाही. तिनं मला चावलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तेव्हा मनात आलं.

पाऊसकाळात आम्ही गावी परतलो. डॉक्टर एकदा येऊन तपासून गेले, घोडी गाभण होती. सासऱ्यांची खाट ओसरीवर टाकलेली असायची, तिथून ते गोठ्याकडं तोंड करून बसत. काठीवर चार पावलं टाकायला लागले तशी पहिली फेरी तिच्याकडंच. तिच्या पोटावर तळहात ठेवून उभे राहायचे. "पोट लवकर दिसून राहिलं," ते म्हणायचे. "दांडगं शिंगरू हाय." घरात बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू येत होतं. नवराही तिच्यासाठी ओल्या गवताची पेंडी आणू लागला. त्यानं तिला विकायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

संक्रांत तोंडावर आली होती. आमची निघायची तयारी चालली होती. ह्या वेळी घोडीवर ओझं घालायचं नाही, बिऱ्हाड गाडीनं पाठवायचं आणि ती मोकळी चालेल, असं ठरलं होतं. एके दिवशी सकाळी शेण काढायला गेले तर घोडी आडवी पडलेली, घामानं भिजलेली. दिवस भरायला तर अजून खूप अवकाश होता. मी नवऱ्याला हाक मारली, त्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर येईपर्यंत एक बाहेर आलं होतं. लहान, अंगावर केस नसल्यासारखं, हललंच नाही. डॉक्टरांनी आत हात घातला आणि म्हणाले, "अजून एक आहे."

दुसरंही तसंच.

डॉक्टर घामाघूम झाले होते. हात धुता धुता त्यांनी सांगितलं की घोडीच्या पोटात दोघांना जागा पुरत नाही, जुळी बहुतेक अशीच जातात. "आधी कळलं असतं तर?" नवऱ्यानं विचारलं. ते म्हणाले, "अगदी सुरुवातीला कळावं लागतं, आणि तशी सोय आपल्याकडं नाही. तुमचं काही चुकलं नाही. घोडी वाचली हेच खूप समजा."

ओसरीवरून काठी आपटल्याचा आवाज येत होता. सासऱ्यांना सगळं ऐकू जात होतं, पण काय ते कळत नव्हतं. नवरा म्हणाला, "तू सांग." मी हात पुसत गेले आणि सांगितलं.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "नर का मादी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दोनी माद्या, मामा."

"दाखव मला."

मी दोन्ही शिंगरं घोंगडीत घेऊन ओसरीवर आणली. त्यांनी घोंगडी उघडली, एकेकीचा पाय हातात घेतला, खुरांवरून अंगठा फिरवला. पोटात असताना खुरं मऊ असतात, लोण्यासारखी. "चालल्याच न्हाईत कुठं," एवढंच ते म्हणाले आणि घोंगडी परत नीट घातली. नवऱ्यानं त्यांना लिंबाखाली पुरलं.

घोडी काही दिवस उभीच राहात नव्हती. मी तिला गुळाचं पाणी पाजत होते, ताप बघत होते. ती जरा सावरली आणि खायला लागली, त्या संध्याकाळी सासरे जेवता जेवता म्हणाले, "हट्ट्याचे ते घोड्याचे मालक बोलले फोनवर. परत घेऊन या म्हणले, पैसे घेणार न्हाईत. उन्हाळ्यात दाखवून टाका. दर बारीला जुळं ऱ्हात न्हाई."

नवऱ्यानं मान हलवली. मी भाकरी वाढत होते. हात थांबला.

"मामा, मी न्हाई धरणार तिला."

"मंग कोण धरंल?"

"कुणीच न्हाई. आता तिला न्यायचं न्हाई तिथं."

"तू कोण ठरवणारी? माझ्या मायीची घोडी हाय ती."

मी त्यांच्याशी तोवर कधी वर मान करून बोलले नव्हते. पण बोलले. "तुमच्या मायीची हाय, बराबर हाय. पण तिचं तोंड माझ्या छातीवर व्हतं. तुमाला दिसलं न्हाई ते, मला दिसलं. तिची लई तकलीफ झाली. तिच्यामागं मादी न राहिली तर न राहो."

नवरा आता ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला नाही. खाली बघत जेवत राहिला. सासऱ्यांनी ताट पुढं सरकवलं, हात धुतला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. त्यानंतर माझ्या हातचं पाणीसुद्धा ते मागेनात. जे हवं ते नवऱ्याला सांगायचे, नाहीतर नणंदेला. आम्ही निघालो त्या सकाळी मी पाया पडायला गेले, तर त्यांनी पाय आखडले नाहीत, पण तोंडातून शब्दही काढला नाही. वाटभर मला तेच आठवत होतं. औंढा गाव ओलांडलं तरी नवऱ्याशी बोलावंसं वाटेना. घोडी रिकाम्या पाठीनं माझ्या खांद्याला नाक लावून चालत होती, आणि मी बरोबर केलं की म्हाताऱ्याचा जीव घेतला, हे मला ठरवता येत नव्हतं.

हट्ट्याला पोचल्यावर घोडी माजावर आली. पलीकडून घोडा खिंकाळला. तीही बोलली. मी तिला लांब, उसाच्या पलीकडं नेऊन बांधली. मन घट्ट करावं लागलं, कारण तिला काय हवं होतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं? बागायतदार एकदा येऊन विचारून गेला. नवराच म्हणाला, "न्हाई मालक, राहू द्या." मला त्यानं ते कधी सांगितलं नाही, मी पालातून ऐकलं.

होळीच्या सुमाराला दुपारी फोन वाजला. नवरा मेंढरांमागं गेला होता. पलीकडं सासरे होते. मी "मामा" म्हटलं आणि थांबले. मला वाटलं आता ठेवतील.

"उसाचं वाढं जास्ती घालू नको तिला," ते म्हणाले. "पोट फुगतं तिचं."

"न्हाई घालत, मामा."

"अन् पाणी सावलीतलं पाज." मग जरा वेळानं, "तुझं जेवण झालं का?"

"व्हय," मी म्हणाले. झालं नव्हतं.