मंजुळाबाईंसाठी रूम बघताना

व्हीलचेअर बाथरूमच्या दारात अडकली होती आणि तिच्यात मी बसले होते. पुढे जाता येईना, मागे येता येईना. समोर कमोड दिसत होता, पण तिथवर हात पोहोचत नव्हता.

"मॅडम, आमचं रिसॉर्ट फुल्ली व्हीलचेअर-फ्रेंडली आहे," मॅनेजर माझ्या पाठीमागून सांगत होता. "रिसेप्शनला रॅम्प आहे ना."

"मग आंघोळ रिसेप्शनला करायची का?" मी विचारलं.

बरोबर आलेला दिनेश खो खो हसला. त्याने आणि मॅनेजरने मिळून मला खुर्चीसकट मागे ओढलं.

"मॅडम, तुमी उगाच टेन्शन घेता," दिनेश म्हणाला. "आमी चौघं भाव हाव ना. आयला उचलू. व्ह्यू बघा की, समोर दर्या हाय!"

मी पनवेलला एका ट्रॅव्हल कंपनीत फॅमिली हॉलिडेचं बुकिंग बघते. आमच्या धंद्यात 'ॲक्सेसिबल' हा शब्द फार स्वस्त झालाय. पायरीवर सिमेंटचा उतार ओतला की लावली पाटी. खरी परीक्षा बाथरूममध्ये असते. दार रुंद हवं. आत पाणी अडवायला बांधतात तो उंबरा नको. कमोडशेजारी भिंतीला धरायचा दांडा हवा, त्याला ग्रॅब बार म्हणतात. आणि बेड खुर्चीच्या सीटइतकाच उंच हवा, म्हणजे माणूस हातांच्या जोरावर स्वतः सरकू शकतो. यातलं काहीही फोनवर कळत नाही. फोनवर सगळे 'हो' म्हणतात. म्हणून मी ऑफिसची व्हीलचेअर गाडीत टाकते आणि जाऊन स्वतः बसते. लोक हसतात. हसू देत.

दिनेश जवळच्या गव्हाण गावचा. चार भावांतला थोरला. त्याची आई, मंजुळाबाई, पाठीच्या दुखण्यानंतर चालत नाही. पायांत जोर उरला नाही. डोकं आणि जीभ मात्र शाबूत. आजवर ठरलेली प्रत्येक ट्रिप तिने ऐनवेळी मोडली होती. कधी पोट दुखलं, कधी डोकं. "तिला आवडच नाय," असं मुलांचं मत झालं होतं. यंदा मात्र सुना-नातवंडांसकट सगळ्यांनी जायचंच, असं ठरलं होतं. आई नाही आली तर कुणीच जायचं नाही.

मी ऑफिसात येऊन सांगितलं की हे रिसॉर्ट बाद.

आमचे सावंत सर वैतागले. "अगं, क्लायंट खूश, रिसॉर्ट खूश. तू कुणाच्या वतीने भांडतेयस?"

"जिला राहायचंय तिच्या."

"मग ती काय म्हणते?"

तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गव्हाण गाठलं.

मला बघून दिनेशला हुरूप आला. "आमी कशी उचलतंव ते बघाच," म्हणाला, आणि भावांना हाक मारली. चौघांनी खुर्चीच्या चार बाजू धरल्या आणि मंजुळाबाईंना ओटीवरून थेट अंगणात आणून ठेवलं. शेजारचे बाहेर येऊन बघायला लागले. गावात कुणाची हळद असली की हे भाऊ आईला असंच उचलून मांडवात नेतात. लोक कौतुक करतात, मोबाईलवर शूटिंग घेतात. चौघांच्या चेहऱ्यावर अभिमान नुसता ओसंडत होता, आणि तो खोटा नव्हता. मंजुळाबाई मात्र पदर दोन्ही मुठींत गच्च धरून खाली बघत होत्या.

चहा आला. मुलं फोनवर बोलत इकडेतिकडे पांगली. मी माझी खुर्ची मंजुळाबाईंजवळ ओढली आणि सरळ विचारलं, "मावशी, तुम्हाला जायचंय का?"

"जावाचा हाय गो बाय," त्या हळूच म्हणाल्या. "पोरांनी आदी ठरवलेल्या दोन जागा तं मना लय आवडल्या व्हत्या. पन तिकडं संडासाला कोन नेल? पोरं उचलतील, दारापुरती सोरतील, मंग सुनांना हाका मारतील. चार लोकं बघतील. म्हनून कुटं जावाचा असला का मी आदल्या रातीपासून पानीच पीत नाय. येकदा तं चक्कर येऊन परली."

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, पण कुणाचा, ते सांगता येईना. मुलं वाईट नव्हती. आईसाठी जीव टाकणारी होती.

"हे त्यांना सांगू का?" मी विचारलं.

"तू नको. मीच सांगतंय," त्या म्हणाल्या. धीर गोळा करायला त्यांना थोडा वेळ लागला. मग जोरात हाक मारली, "दिनेस, इकडं ये! सगले या!"

चौघं आले. मंजुळाबाईंनी पाण्याची गोष्ट सांगितली. दिनेशचा चेहरा उतरला.

"आये, आमाला ओझा वाटतंस का तू?" तो म्हणाला. "आमाला लाज वाटते का उचलाची?"

"तुमाला नाय वाटत रे. मना वाटते." मग मान वर करून म्हणाल्या, "चौघांनी उचलून नेवाचा दिस येल, तवा न्या. आता मी जिती हाय."

धाकटा वळून थेट आत गेला.

त्यानंतर काम सोपं झालं असं मुळीच नाही. दर्या दिसणारी तीन ठिकाणं बाथरूमच्या दारात बाद झाली. शेवटी कर्जतच्या बाजूला एक साधं रिसॉर्ट सापडलं. दर्या नाही, झगमगाट नाही, पण रूम तळमजल्यावर, बाथरूमला सरकतं दार आणि आतली फरशी सपाट. भावांना ते फार काही पसंत नव्हतं. या वेळी मी स्वतः न बसता मंजुळाबाईंनाच घेऊन गेले. त्यांनी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं, आणि आतून ओरडल्या, "बाय, दांडा उलट्या हाताला हाय!" त्यांचा डावा हात जोराचा, ग्रॅब बार उजवीकडे. मला हे सुचलंच नसतं. मालकाने दुसऱ्या बाजूला आणखी एक बार बसवून दिला. बेड उंच होता, त्याचे पाय कापायला सुतार बोलावला.

मग सगळं कुटुंब तिकडे राहायला गेलं, आणि दुसऱ्याच सकाळी दिनेशचा फोन. आवाज पार घाबरलेला.

"मॅडम, आय रूममधी नाय! खुर्ची पन नाय!"

मी रिसॉर्टच्या मालकाला फोन लावेपर्यंत दिनेशचाच परत आला.

"गावली," तो म्हणाला. "किचनच्या दारान बसलीय. आचाऱ्याला शिकवतेय, मच्छीच्या कालवनान चिच किती घालाची. एकटी गेली, मॅडम. आमाला कोनालाच नाय सांगलान."

तो तक्रार करत होता की रडत होता, ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय! मी बोललो, चल, खुर्ची ढकलतो. तं बोलते, मी येईन माजी, तू नाश्टा कर."

हल्ली मला कुणी विचारतं की ॲक्सेसिबल रूम म्हणजे नक्की काय. मी दार, उंबरा, ग्रॅब बार सगळं सांगते. पण खरं उत्तर लहान आहे. ज्या रूममधून माणूस कुणाला न सांगता बाहेर पडू शकतो, ती. घरचे थोडे घाबरतात. त्या भीतीची सोय बुकिंगमध्ये होत नाही.