पाठीला पाठ लावून

शाळाशाळांतून फिरणाऱ्या माणसाकडे किस्से असे साठतात, की एक सांगायला जावं तर चार मागे लागतात. माझं काम तसं साधं. वाचनात मागे पडलेली मुलं न अडखळता वाचायला लागावीत, म्हणून मी इंदूरच्या शाळांमधल्या टीचर्सना मदत करते. मूल एका मिनिटात किती शब्द वाचतं ते मोजायला पर्समध्ये एक स्टॉपवॉच असतं. पण मल्हारगंजच्या त्या शाळेत मी शब्द कमी आणि घाबरलेली तोंडंच जास्त मोजली!

*

पहिल्या दिवशी ते घड्याळ टेबलावर ठेवलं, तर पहिल्या बाकावरच्या पोराचा चेहरा पांढराफटक.

"मैडम, ये बजेगा क्या?"

"नहीं रे, बजता नहीं."

"तो पता कैसे चलेगा कि फेल हो गए?"

पाचवीच्या जोशीबाई, तीस वर्षांची नोकरी झालेल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, ते पर्समध्येच ठेवा ना. मुलांचं सोडा, माझंच बीपी वाढतंय!"

*

हेडमास्तर वर्माजींची भीती वेगळी. शाळेचा आकडा कमी आला तर वरती काय सांगायचं? मी आठवडाभर इंदूरजवळच्या हातोद गावातल्या शाळांमध्ये होते, तेवढ्यात त्यांनी पाचवीला स्पीडची प्रॅक्टिस दिली. परत येऊन बघते तो काय, मुलं कढईतल्या लाह्यांसारखी तडतडताहेत! ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. एक मुलगा लालबुंद होऊन थांबला.

"सर, साँस कब लेना है?"

वर्माजी दचकले. "मिनट होने के बाद!"

*

मग मी सगळ्यांना एका सुरात वाचायला लावलं. एकट्याने वाचायची धास्ती त्याने कमी होते. महिनाभरात वर्ग असा छान वाचायला लागला, की वर्माजी दारात उभे राहून ऐकायचे.

एकदा मी जोशीबाईंना म्हटलं, बाकांमधून फिरा, एकेकाजवळ कान न्या. बाई फिरत फिरत शेवटच्या बाकावरच्या रेश्माजवळ आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. रेश्माचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते. आवाजच नव्हता.

"तिसरीपासून ही माझ्याच वर्गात आहे हो," बाई नंतर म्हणाल्या. "मी हिला कधी ऐकलंच नाही."

रेश्माच्या पप्पांचं मागच्या गल्लीत वेल्डिंगचं दुकान. त्यांनी पोरीला आधीच बजावलं होतं, "रिझल्ट के दिन मेरे को एक पन्ना पढ़के सुनाना. पढ़ा तो छठी. नहीं तो हातोद, बुआ के बच्चे सँभाल." आता तीन महिने उरले होते.

*

रेश्मा बाईंसमोरही तोंड उघडेना. फार विचारल्यावर म्हणाली, "कोई मुँह देखता है तो अक्षर भाग जाते हैं."

बाईंचे गुडघे दुखतात. तरी रोज घंटेच्या आधी त्या व्हरांड्यात फरशीवर बसायला लागल्या, रेश्माच्या पाठीला पाठ लावून! दोघींच्या हातात तेच पुस्तक. आधी बाई एक ओळ वाचणार, मग दोघी मिळून, मग रेश्मा एकटी. एकच पान चार-चार वेळा. बाई मधूनमधून मुद्दाम चुकायच्या, पोरगी पकडते का बघायला. कितीतरी दिवस ती गप्पच. मला भीती वाटायला लागली की हे काही जमत नाही.

एका सकाळी बाई लंगडत धावत आल्या. "ओरडली हो माझ्यावर! 'मैडम, गलत!' म्हणाली!"

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण आज मी मुद्दाम नव्हते चुकले. चष्मा घरी राहिलाय."

*

रिझल्टच्या दिवशी रेश्माचे पप्पा दुकानातल्याच कपड्यांत आले आणि हाताची घडी घालून ऑफिसातल्या खुर्चीवर बसले. सवयीने वर्माजी मला म्हणाले, "मैडम, घड़ी?" मी पर्सची चेन लावून टाकली.

रेश्माने पुस्तक उघडलं. पप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते. ती गप्प. वर्माजींनी घाम पुसला. गेलं सगळं, असंच मला वाटलं.

"पप्पा," ती पुटपुटली, "आप उधर मुँह कर लो."

वर्माजी आ वासून बघतच राहिले. पप्पांनी एकदा आमच्याकडे बघितलं. मग उठले, खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

रेश्मा वाचायला लागली. दोन ठिकाणी अडखळली. एका ठिकाणी मागे जाऊन स्वतःच सुधारलं. माझ्या शेजारी जोशीबाई तिच्याकडे पाठ फिरवून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पान संपलं. पप्पा वळेनात.

"पप्पा... गलत था क्या?"

भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "पन्ना पलट."