फाटकाशी काढलेल्या चपला

दर रविवारी आमच्या अंगणातली हिरवळ राखायला पाचोडचे एक माळीमामा यायचे. चपला ते फाटकाशीच काढायचे आणि सगळ्या गवतावरून अनवाणी एक फेरी मारायचे. "पायाला कळतं, कुठं पाणी कमी पडलं ते," म्हणायचे. माझ्या हातात पाइप दिसला की आधी मातीत बोट खुपसून बघायचे. बोटाला ओल लागली, की नळ बंद. "रोज पाजू नका, ताई. गवत आळशी होतं, मुळं वरच राहत्यात. जरा तहान लागू द्या." कापतानाही ते गवत दोन बोटं राखायचे, लई बारीक केलं तर मूळ उन्हानं भाजतं, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी गाडीला जागा हवी म्हणून आम्ही तिथं फरशी घातली. समोर सांगायचं धाडस मला झालं नाही, फोनवरच उरकलं. "बराबर हाय, गाडी रस्त्यावर कशाला," एवढंच ते म्हणाले.

महिन्याभरानं एका दुपारी ते राहिलेलं खुरपं न्यायला आले. सवयीनं फाटकाशी चपला काढल्या आणि पाऊल आत टाकलं. फरशी तापली होती. मागं वळून त्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या.

आमच्या अंगणात त्यांना चपला घालून चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.